कादंबरी नि अनुवादासाठी ३ × ५ इंची कार्डं: तयार पाकीट की कापून घेतलेली?

मूळचे रशियन कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह १९४० मध्ये अमेरिकेत आले, १९४५ मध्ये तिथले नागरिक झाले. ‘लोलिता’ या कादंबरीचा मोठा भाग त्यांनी प्रवासात, अशा छोट्या रेघी कार्डांवर शिसपेन्सिलीनं लिहिला. गाडी पत्नी व्हेरा चालवत, टायपिंगही त्याच करत. प्रसंग सुचेल तसा लिहायचा आणि नंतर पत्ते लावावेत तशी कार्डं लावायची, ही सोय वहीत मिळत नाही.

नाशिकला मेन रोडवर मिळणारी तयार पाकिटं या कामाला कमी पडतात. कागद पातळ असतो. खोडरबर चार-पाचदा एकाच जागी फिरवला की तंतू उठतात आणि त्यावर पुन्हा लिहिलेलं फिसकटतं. पावसाळ्यात तर कार्डं कडेनं वळतात, गठ्ठा सरळ बसतच नाही.

त्यापेक्षा २२ × २८ इंची, २०० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) कार्डशीट घ्या आणि कटिंग मशीनवर कापून घ्या. २२ इंचांत ५ इंचांचे ४ आणि २८ इंचांत ३ इंचांचे ९ असे काप घेतले, की एका शीटमधून ३६ कार्डं निघतात. जास्त कार्डं निघावीत म्हणून काही कार्डं आडवी कापायचा मोह टाळा. त्यांचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, आडवा येतो, दमट हवेत ती इतरांपेक्षा वेगळ्या दिशेनं वाकतात. चकचकीत कोटिंगचं शीट नकोच, त्यावर पेन्सिल घसरते. एचबी किंवा बी चालते. शाई मात्र पातळ कार्डावर मागे उमटते.

अनुवादात कार्डं कुठे वापरायची, हेही पाहायला हवं. सलग मसुद्याला वहीच बरी. टिपांना, पर्यायी शब्दांना, संदर्भांना कार्डासारखं काही नाही. रशियन कवी पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या पद्य कादंबरीचा नाबोकोव्ह यांचा इंग्रजी अनुवाद १९६४ मध्ये चार खंडांत आला; त्यात प्रत्यक्ष अनुवाद पहिल्याच खंडात, मधले दोन खंड निव्वळ टीपा! असं काम हाती असेल तर कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात मूळ पुस्तकाचं पान नि ओळ, खाली एकच शंका. दोन शंका एका कार्डावर आल्या की ते कुठे लावायचं हेच कळेनासं होतं.

उजव्या कोपऱ्यात क्रमांक हवाच, तोही पेन्सिलीनं, म्हणजे जागा बदलली की बदलता येतो. १९७७ मध्ये नाबोकोव्ह गेले तेव्हा त्यांची शेवटची कादंबरी १३८ कार्डांवर अपुरी होती; २००९ मध्ये ती छापली गेली, पण कार्डांचा नेमका क्रम काय असावा हा प्रश्न तसाच राहिला.