रंग बंद करायचे, सगळा आहार बदलायचा, की आधी तपासणी? चंचल मुलाच्या आईबाबांपुढच्या तीन वाटा

नाशिकच्या कालिका यात्रेत केशरी गोळा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना लेकाची जीभ तशीच केशरी. आदल्या रात्री अकरापर्यंत तो दिवाणावरून उड्या मारत होता. सासूबाई म्हणाल्या, "हे सगळं त्या रंगाचं आहे." तो तेव्हा दुसरीत होता. शाळेतल्या बाई जूनपासून सांगत होत्या की पोरगं जागेवर टिकत नाही, लिहिता लिहिता वही सोडून उठतं.

आता सिडकोत, इंदिरानगरला ओळखीच्या आया मला हेच विचारतात. त्यांच्यापुढेही आमच्यासारख्याच तीन वाटा असतात: कृत्रिम रंग तेवढे बंद करायचे, सगळाच आहार काटेकोर बदलायचा, किंवा ताटाला हात न लावता आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायची.

रंगांबद्दलची शंका नुसती आजीबाईंची नाही. 2007 साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांची 153 आणि आठ-नऊ वर्षांची 144 मुलं घेऊन प्रयोग केला. ही सर्वसाधारण मुलं होती, एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं) निदान झालेली नव्हेत. त्यांना काही आठवडे रंग व सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवणारं रसायन) घातलेला रस आणि काही आठवडे तसाच दिसणारा साधा रस दिला. आज काय प्यायलं हे ना मुलांना माहीत, ना आईबाबांना. एका मिश्रणाने तीन वर्षांच्या मुलांची चंचलता सरासरीने वाढलेली दिसली. त्या मिश्रणात चार रंग होते: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो 4आर. हे चारही आपल्याकडे परवानगी असलेल्या रंगांच्या यादीत आहेत. मुलांना दिलेली मात्राही काही अचाट नव्हती, चघळायच्या गोड गोळ्यांच्या दोन छोट्या पाकिटांत असेल तेवढीच.

मात्र परिणाम लहान होता आणि प्रत्येक मुलात दिसला नाही. रंग आणि बेन्झोएट एकत्र दिल्यामुळे नेमकं कशाने झालं हेही सांगता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये हा पुरावा मर्यादित ठरवला. तरीही जुलै 2010 पासून तिथे अशा रंगांच्या पाकिटावर मुलांच्या हालचालीवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो, असं छापावं लागतं. आपल्या पाकिटांवर अशी सूचना नसते, फक्त आकडे असतात: 102, 110, 122, 124, आणि बेन्झोएटसाठी 211. मी किराणा दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून जेलीच्या पाकिटाची घडी उलगडली, तेव्हा चार रंगांपैकी दोघांचे आकडे शिवणीखाली सापडले.

रंग तेवढे बंद करायची ही वाट मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात मुलाच्या पोटातून काहीच कमी होत नाही. रंगीत गोळ्या, जेली, आइस कँडी, रंगीत बडीशेप, टुटीफ्रुटी, केकवरचं गडद आयसिंग बंद झालं म्हणून कुणाची वाढ खुंटत नाही. घरी कोकमाचं किंवा काळ्या द्राक्षांचं सरबत बर्फावर घातलं की गोळा होतो. अडचण येते ती सुट्या मालाची. हातगाडीवरच्या बाटलीला लेबल नसतं, त्यात परवानगीचा रंग आहे की रोडामाइन बीसारखा बंदी असलेला, हे कळायला मार्ग नाही. अशा गाडीवरचं रंगीत काही मी मुलाला घेऊन देत नाही, मग तो चंचल असो वा नसो.

रंग बंद करून फरक पडतो का, हे बघताना स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. 1994 च्या एका प्रयोगात, साखरेने आपली मुलं बिथरतात असं मानणाऱ्या आयांपैकी काहींना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात एकाही मुलाला साखर दिलेली नव्हती, तरी त्या आयांना मुलं जास्त चंचल वाटली. (साखरेवरचे सगळे चांगले प्रयोग एकत्र पाहिले तर तिचा वागण्याशी संबंध दिसत नाही. दातांसाठी ती कमी करा, ते वेगळं.) म्हणून आम्ही चार आठवडे रंग पूर्ण बंद केले आणि पुढचे चार आठवडे नवऱ्याच्या हाती दिले. स्टीलच्या बाटलीत कधी साधं लिंबू सरबत, कधी रंग घातलेलं. कुठल्या आठवड्यात काय, हे फक्त त्याला माहीत. मी रोज रात्री वहीत तीन ओळी लिहायचे. बाईंनाही आठवड्याला दोन ओळी मागितल्या, कारण न सांगता. शेवटी वह्या जुळवल्या. माझ्या नोंदींत रंगाच्या आठवड्यांतल्या संध्याकाळी जरा जास्त धावपळीच्या होत्या. बाईंच्या नोंदींत काहीच फरक नव्हता.

दुसरी वाट काटेकोर आहाराची. 1970 च्या दशकात अमेरिकेतले ॲलर्जीतज्ज्ञ बेन फाइनगोल्ड यांनी रंगांबरोबर नैसर्गिक सॅलिसिलेट (काही फळं-भाज्यांत मुळातच असणारं रसायन) असलेले पदार्थही बंद करायला सांगितले. त्यांच्या यादीत टोमॅटो आहे, संत्रं आहे, काकडी आहे, आणि द्राक्षं-मनुकाही आहेत. नाशिकच्या मुलाला फेब्रुवारीत द्राक्षं नाही म्हणायचं! घरात रोज रडारड, डब्यात रोज तेच, आणि आधीच कमी जेवणारं मूल आणखी वाळणार. 2011 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या 100 मुलांवरच्या प्रयोगात मोजक्याच पदार्थांच्या आहाराने बऱ्याच मुलांत मोठा फरक नोंदला गेला, पण मूल कोणत्या गटात आहे हे आईबाबांना ठाऊक होतं. करायचंच असेल तर आहारतज्ज्ञ सोबत हवेत आणि थोड्या आठवड्यांची मुदत हवी. इंटरनेटवरची यादी फ्रिजवर चिकटवून तर मुळीच नको.

तपासणीची वाट आम्ही आठ महिने उशिरा धरली. रंग बंद झाले, आता होईल शांत, या आशेवर दुसरीचं उरलेलं वर्ष गेलं. त्या महिन्यांत तो रोज बोलणी खात होता, ही गोष्ट मला अजून लागते. एडीएचडीच्या निदानाला लक्षणं सहा महिने तरी हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे हवीत, आणि बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत. डॉक्टर ऐकणं, डोळे, झोप हेही बघतात. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी आईबाबांनाच वागणुकीचं प्रशिक्षण देतात, औषध नंतर. खाजगी फी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतात, त्यांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. तिथे बोला.

2012 मध्ये जुने अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की एडीएचडी असलेल्या मुलांपैकी साधारण 8 टक्क्यांच्या लक्षणांत रंगांचा वाटा असू शकतो. म्हणजे बारा-तेरा मुलांत एक. तुमचं मूल ते एक असेल तर रंग बंद करून मिळणारा दिलासा खरा आहे. बाकीच्यांचा वेळ मात्र जातो.

तेव्हा मूल फक्त यात्रेनंतर, वाढदिवसानंतर बिथरत असेल आणि शाळेतून तक्रार नसेल, तर रंग बंद करा आणि सहा आठवडे वही लिहा. तक्रार घरून आणि शाळेतून दोन्हीकडून असेल तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि रंग त्याच दिवशी बंद करा, दोन्ही एकत्र चालतं. वही मात्र सोबत न्या. आमच्या डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटं माझ्याशी न बोलता तीच वाचली, आणि बाईंच्या दोन-दोन ओळींखाली पेन्सिलीने खुणा केल्या.