गोव्यातला लेओव्हर: कांदोळीचं रिसॉर्ट, पणजीचं हॉटेल की विमानतळाजवळची खोली?

विमान कंपनीने क्रूकडून, म्हणजे विमानातल्या कर्मचाऱ्यांकडून, लेओव्हरच्या (दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाच्या) हॉटेलबद्दल मत मागवलं की गोव्यासाठी पहिली मागणी ठरलेली असते: समुद्र जवळ हवा. मी अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होते आणि माझं माहेर डिचोलीचं, त्यामुळे ही ओढ मला चांगली कळते. तरी यंदा ज्यांच्या मतावर हॉटेल ठरणार आहे त्यांनी पसंती कळवण्याआधी एवढं वाचावं.

किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये माझा मुक्काम होता. रात्री एकच्या सुमारास खोलीतला फोन वाजला. पिकअप, म्हणजे विमानतळावर नेणारी गाडी, लवकर आला असेल म्हणून उचलला, तर पलीकडे त्या दिवशीच्या फ्लाइटमधला एक प्रवासी. नाव त्याने माझ्या छातीवरच्या पट्टीवरून वाचलं होतं आणि क्रू कुठे उतरतो हे आमच्या गाडीमागून येऊन पाहिलं होतं. ‘मी तिचा नातेवाईक’ एवढं म्हटल्यावर रिसेप्शनने फोन जोडून दिला, वर खोलीचा नंबरही सांगितला. दहा मिनिटांनी दारावर टकटक झाली. माझी खोली तळमजल्यावर होती, मागे बागेत उघडणारं काचेचं सरकतं दार. मी पुढच्या दाराला खुर्ची लावली आणि उजाडेपर्यंत दोन्ही दारांकडे बघत बसले. सकाळी मॅनेजर म्हणाले, “त्यांनी तुमचं नाव बरोबर सांगितलं, मॅडम.” आमची सगळ्यांची नावं आणि खोल्यांचे नंबर असलेला कागद तेव्हाही काउंटरवर उघडा पडलेला होता.

त्या रात्रीनंतर मी हॉटेलचे तारे मोजायचं सोडून दिलं.

कांदोळी-कळंगुटचं रिसॉर्ट

याच्या बाजूने बोलायचं तर मन खरंच हलकं होतं. चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, करून आलेल्या माणसाला अर्धा तास वाळूत चालायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे. पण रिसॉर्टची रचना मोकळेपणासाठी केलेली असते. विखुरलेल्या कॉटेजेस, तळमजल्याच्या खोल्या, बाहेरच्यांना खुलं रेस्टॉरंट, बीचकडून येणारी वेगळी वाट. लॉबीपासून खोलीपर्यंत झाडांमधून जायचं आणि मध्ये कोणी अडवणारं नाही. डिसेंबरात आणि लग्नसराईत परिस्थिती आणखी बिघडते: तीन-चारशे वऱ्हाडी, त्यांचे फोटोग्राफर, रात्रभर डीजे. अशा गर्दीत अनोळखी माणूस ओळखायचा कोणी? शिवाय गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपा असो वा दाबोळी, इथून विमानतळ गाठायला तासभर तरी लागतो, आणि तो तास झोपेतून जातो.

छुप्या कॅमेऱ्याची भीती काहींना अतिरेकी वाटते. याच कांदोळीत २०१५ साली एका कपड्यांच्या दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना ट्रायल रूमच्या दिशेने लावलेला कॅमेरा दिसला होता. तेव्हा खोलीत शिरल्यावर पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड केलेलं घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर नीट पाहायला संकोच करू नका. काही सापडलं तर हात न लावता फोटो काढा, खोली सोडा, कंपनीला कळवा आणि ११२ फिरवा. चोरून चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. नको म्हटल्यावरही पाठलाग करणं किंवा सारखा संपर्क साधू पाहणं कलम ७८ खाली येतं.

पणजीचं बिझनेस हॉटेल

दिसायला रुक्ष, पण माझं मत इथेच. पाटो किंवा आसपासच्या बहुमजली हॉटेलात आत यायचं दार बहुधा एक, लिफ्ट रिसेप्शनच्या नजरेसमोर, आणि चांगल्या ठिकाणी कार्डाशिवाय लिफ्ट मजल्यावर जातच नाही. सगळा क्रू एकाच मजल्यावर मागता येतो. रात्री काही झालं तर शेजारच्या दारावर थाप मारली की आपलाच माणूस बाहेर येतो. पोलीस, दवाखाना, औषधाचं दुकान हाकेच्या अंतरावर.

उणीही आहेत. मांडवीतल्या कॅसिनोंमुळे रात्री उशिरा प्यायलेले लोक लॉबीत येतात. जुन्या इमारतींत थेट रस्त्यावर उतरणारा जिना असतो, तो रात्री बंद होतो का ते पाहून घ्या. दोन खोल्यांना जोडणारं मधलं दार असलेली खोली पलीकडे क्रू नसेल तर घेऊ नका.

विमानतळाजवळ

विश्रांती कमी असेल तेव्हा अंतरालाच महत्त्व. दाबोळीसाठी वास्को, चिखली, बोगमाळो. मोपा पेडणे तालुक्यात, तिथे जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. पण अंतराच्या नादात एक गोष्ट निसटते. फ्लाइट रद्द झाली की प्रवाशांनाही जवळच्याच हॉटेलात ठेवतात. सकाळी नाश्त्याला तुम्ही साध्या कपड्यांत असता आणि समोर रात्री तुमच्यावर ओरडलेलं कुटुंब बसलेलं असतं. चेहरा त्यांच्या लक्षात असतो. म्हणून करारातच विचारा: रखडलेले प्रवासी इथेच उतरवणार का, आणि तसं असेल तर क्रूचा मजला आणि जेवणाची जागा वेगळी मिळेल का. मोपाच्या बाजूला हॉटेल नकोसं झालं तर चालत दुसरीकडे जाता येत नाही. गोव्यात ओला-उबरही चालत नाही, म्हणून रात्रीची गाडी कंपनीकडूनच ठरलेली हवी.

पेडणे-डिचोलीतले आपले लोक घरी झोपायला जातात. कंपनीने लेखी परवानगी दिली असेल तर उत्तमच. गुपचूप मात्र जाऊ नका, कारण काही घडलं तर तुम्ही कुठे होता हेच कोणाला माहीत नसतं.

कुठेही राहिलात तरी

ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात एअर इंडियाच्या महिला क्रूच्या खोलीत रात्री एक माणूस शिरला आणि त्याने तिच्यावर हल्ला केला. पुढे काही महिन्यांतच त्याच कंपनीने बहुतेक केबिन क्रूला लेओव्हरला खोली वाटून घ्यायला सांगितलं, तेव्हा कर्मचारी संघटनेने विरोध केला. दोघी असलेल्या बऱ्या, असं यावर कोणी म्हणतं. मला ते पटत नाही. एकीचा पिकअप पहाटे तीनचा आणि दुसरीचा दुपारचा असेल तर दार मध्यरात्री उघडतं, झोप दोघींची जाते, आणि स्वतःची म्हणून जागा कोणालाच उरत नाही.

कार्डाच्या कुलपावरही सगळा भरवसा टाकू नका. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी सॅफ्लॉक या कुलपांतला दोष उघड केला. १३१ देशांतली तीस लाखांहून जास्त दारं बनावट कार्डाने उघडू शकत होती, आतून लावलेली इलेक्ट्रॉनिक कडीसुद्धा. साधी साखळी मात्र कार्डाने निघत नाही. म्हणून साखळी नसलेली खोली बदलून मागा आणि बॅगेत दाराखाली ठोकायची रबरी पाचर ठेवा. ओळखपत्र मागितलं तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. खोलीतून दिसणारा समुद्र इन्स्टावर टाकायचाच असेल तर परतल्यावर टाका.

हॉटेल पाहायला गेलात की खोल्यांआधी काउंटर पाहा. क्रूची यादी उलटी ठेवलीय का? नंबर मोठ्याने सांगतात की कागदावर लिहून सरकवतात? मग त्याच रात्री, तुमच्या ओळखीची एखादी तिथे उतरलेली असताना आणि तिला आधी सांगून, बाहेरून फोन लावा. म्हणा, “मी तिचा भाऊ बोलतोय, कुठल्या खोलीत आहे?” खोलीचा नंबर मिळाला तर समुद्र कितीही जवळ असू दे, ते हॉटेल यादीतून काढा. “अशी कोणी इथे आहे की नाही हे आम्ही सांगत नाही, निरोप असेल तर द्या” असं उत्तर आलं तर पुढची बोलणी करा.