गाताना तोंडाला पडणारी कोरड : स्प्रे आणि चिकटणारी चकती

तोंडात ओलावा आणणारे स्प्रे मुळात गायकांसाठी तयार झालेले नाहीत. आजारामुळे किंवा औषधांमुळे ज्यांची लाळ कमी झाली आहे, अशा रुग्णांसाठी ते आहेत. रंगमंचावर त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे त्यावरूनच ठरवावे. मी वापरलेल्या स्प्रेमध्ये ग्लिसरीन, झायलिटॉल आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज हे प्रमुख घटक आहेत. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते, झायलिटॉलच्या गोडव्याने थोडी लाळ सुटते आणि तिसऱ्या घटकामुळे द्रवाला लाळेसारखा बुळबुळीतपणा येतो.

परिणाम लगेच जाणवतो. वरचा ओठ दातांवर अडकून बसणे, तसेच टाळूपासून जीभ सुटताना होणारा तो ‘टच्’ आवाज, जो मायक्रोफोन इमानेइतबारे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवतो, हे दोन्ही त्रास थांबतात आणि ट, च, ल ही अक्षरे पुन्हा स्वच्छ उमटू लागतात. मात्र हा ओलावा एखाद-दुसऱ्या गाण्यापुरताच टिकतो, आणि तो वाढवण्यासाठी अधिक फवारे मारले तर तोंडात चिकट थर साचून ओळीच्या मध्येच आवंढा गिळावा लागतो. फवारा गालाच्या आतल्या बाजूस मारावा. थेट घशाकडे मारला आणि त्याच क्षणी श्वास घेतला गेला, तर ठसका ठरलेलाच.

बाटलीवर ‘घशाला आराम’ असे छापलेले असले, तरी स्वरतंतूंना या द्रवाचा थेट स्पर्श होत नाही, कारण गिळताना स्वरयंत्राचे तोंड झाकले जाते आणि द्रव अन्ननलिकेत जातो. हीच गोष्ट पाण्यालाही लागू आहे. मंचावर घेतलेल्या घोटाने तोंड भिजते. स्वरतंतूंना हवा असलेला ओलावा दिवसभर प्यायलेल्या पाण्यातून, रक्तावाटे आणि सावकाश मिळतो. धास्तीने अनुकंपी चेतासंस्था (शरीराला संकटासाठी सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) जागी झाली की पातळ लाळ कमी होते आणि उरलेली घट्ट लागते. त्यात तोंडाने घाईघाईने घेतलेल्या श्वासांची भर पडत असल्यामुळे पहिले गाणेच सर्वांत अवघड जाते, आणि स्प्रेची खरी उपयुक्तता मंचावर पाऊल ठेवण्याआधीच्या त्या काही मिनिटांत आहे.

त्याच स्प्रेचा पुदिन्याचा प्रकार मला पसंत पडला नाही. मेंथॉलमुळे थंडावा भासतो, पण त्या भासाखाली घशाची खरखर झाकली जाते. बेन्झोकेनसारखे बधिर करणारे द्रव्य असलेले घशाचे स्प्रे याच फडताळावर शेजारी ठेवलेले असतात. गाण्यापूर्वी ते टाळावेत, कारण आवाजावर ताण येत असल्याची सूचना देणारी वेदनाच ते बंद करतात.

लांबलेल्या कार्यक्रमासाठी मी झायलिटॉलची चिकटणारी चकती अधिक पसंत करेन. ती मागच्या दाढेजवळ हिरडीच्या बाहेरच्या बाजूस चिकटते आणि सावकाश विरघळते, त्यामुळे जिभेच्या हालचालीला अडथळा होत नाही. साधी चघळायची गोळी तोंडात ठेवून गाणे धोक्याचे आहे, कारण खोल श्वासाबरोबर ती श्वासनलिकेकडे ओढली जाऊ शकते. चकतीही नीट घट्ट बसल्याची खात्री मंचावर जाण्याआधीच, काही ओळी मोठ्याने म्हणून, करून घ्यावी. (घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवावी, झायलिटॉल त्याला विषासमान आहे.)

सर्दीसाठी किंवा ॲलर्जीसाठी अँटिहिस्टामिन घेणाऱ्यांची कोरड मात्र यांपैकी कशानेही पुरती हटत नाही. त्यांनी औषध बदलता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारावे.