क्योतोची उत्प्रेरकविरहित बायोडिझेल पद्धत: वापरलेल्या तेलासाठी मोलाची, शुद्ध तेलासाठी अनावश्यक

उत्प्रेरक न वापरता वनस्पती तेलापासून बायोडिझेल करण्याची जी पद्धत क्योतो विद्यापीठातील शिरो साका आणि दादान कुस्दियाना यांनी २००१ मध्ये मांडली, तिची योग्यता हाती कोणते तेल आहे यावरच ठरते.

प्रचलित पद्धतीत तेल आणि मिथेनॉल यांचे मिश्रण क्रिया वेगवान करणारा उत्प्रेरक म्हणून कॉस्टिक सोडा घालून सुमारे ६० अंश सेल्सिअसला तासभर ढवळतात. तेल स्वच्छ असेल तर हे उत्तम चालते; परंतु त्यात मुक्त मेदाम्ले (तेलाच्या रेणूपासून सुटी झालेली आम्ले) आणि पाणी असले की सोड्याचा साबण बनतो, उपउत्पादन म्हणून निघणारे ग्लिसरीन नीट सुटत नाही आणि धुलाईचे सांडपाणी वाढते. मिथेनॉल सुमारे २४० अंश तापमान आणि ८० बार दाब या क्रांतिक मर्यादेपलीकडे, म्हणजे जिथे द्रव आणि वायू असा फरक उरत नाही तिथे, नेले की त्याची ध्रुवीयता घटते, ते तेलात पूर्ण मिसळते आणि सोड्याची गरजच उरत नाही. मूळ प्रयोगात ३५० अंशांवर रेपसीड तेलाच्या रूपांतरणाला अवघी चार मिनिटे पुरली. मुक्त मेदाम्लेही वाया न जाता त्यांचेच एस्टर, म्हणजे बायोडिझेल, बनते, आणि माझ्या मते या पद्धतीचा खरा गुण हाच आहे.

त्याची किंमत मात्र जबर आहे. त्या प्रयोगातील दाब ४५० ते ६५० बार होता, आणि तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे ४२ रेणू घ्यावे लागले. प्रचलित पद्धतीत सहा पुरतात. उरलेले मिथेनॉल परत मिळवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. शिवाय इतक्या तापमानाला सोयाबीन किंवा सूर्यफुलासारख्या तेलांतील बहुअसंतृप्त मेदाम्लांचे विघटन होऊ लागते, ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. म्हणून याच संशोधकांची पुढची द्विटप्पी पद्धत मी अधिक पसंत करतो: आधी तप्त पाण्याने तेलाचे जलविघटन करून, म्हणजे पाण्याने त्याचे रेणू फोडून, ग्लिसरीन वेगळे काढायचे आणि मग मेदाम्लांचे एस्टर करायचे. दोन्ही टप्पे २७० अंशांच्या आसपास उरकतात.

आपल्याकडे तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांवर (तेल वारंवार तापवल्याने वाढणाऱ्या घटकांवर) अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि त्यापलीकडे गेलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजनाही आहे. अशा तेलासाठी द्विटप्पी संयंत्राचा विचार अवश्य करावा. मात्र विक्रेत्याकडून उष्णता आणि मिथेनॉल किती परत मिळते याचे आकडे लेखी घेतल्यावाचून खरेदी करू नये. शुद्ध तेल हाताळणाऱ्याने सोड्याचीच पद्धत ठेवावी.