फ्युएल प्रेशर गेज किट, काही महिने वापरल्यावर: गेज चांगला, रबर भिकार

पंप इंजिनला पेट्रोल किती दाबाने पोचवतो ते मोजायचं हे किट: 0 ते 140 पीएसआयचा गेज, प्रेशर सोडायचं बटण, पारदर्शक नळी आणि ढीगभर अडॅप्टर. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना त्यातले 7.89 आणि 6.30 मिलिमीटरच्या क्विक कनेक्टरचे दोनच कामाला येतात. बाकीचं पितळ भंगारात घाला.

गेजबद्दल तक्रार नाही. टायरच्या कंप्रेसरशी ताडून पाहिला, 40 पीएसआयला काटा जेमतेम हलका इकडेतिकडे. पोर्ट इंजेक्शनला (सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाला) साधारण 3 ते 4 बार, म्हणजे 43 ते 58 पीएसआय लागतं (नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा), तेवढ्याला हा पुरतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) किंवा डिझेलच्या हाय प्रेशर रेलला, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या पाइपाला, मात्र चुकूनही लावू नका.

वैताग आहे तो टी-जोडातल्या (गेज पेट्रोलच्या पाइपाला जोडणाऱ्या तुकड्यातल्या) ओ-रिंगचा, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कड्याचा. साधं नायट्रिल रबर! 2023 पासून पंपांवर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं, आणि हलकं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, वाळलं की आक्रसतं. मग चावी बंद केल्यावर काटा सरसर उतरतो आणि आपण गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या चेक व्हॉल्व्हला (पेट्रोल मागे येऊ न देणाऱ्या झडपेला) किंवा गळक्या इंजेक्टरला दोष देत बसतो. गळतंय ते किटच. जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून बघा, ओला झाला तर तो आकडा विसरा आणि इंजिन सुरू करू नका. खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. विक्रेत्याचं म्हणणं, रबर वॉरंटीत नाही. एवढे पैसे घेऊन व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) चार रिंगा टाकायला काय जात होतं? त्याच मापाच्या व्हायटॉन रिंगा किरकोळ पैशांत मिळतात, त्या घातल्यापासून काटा जागचा हलत नाही.

आता टेस्टनंतर गाडी मिसिंग करायला (एखाद्या सिलिंडरात मिश्रण नीट न पेटल्याने अडखळायला) लागते त्याबद्दल. गेज जोडण्याआधी पाइपातलं प्रेशर सोडायला आपण पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू देतो. पेट्रोल संपताना मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि तेवढ्यात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, P0300 (मिसिंग) किंवा P0171 (मिश्रण पातळ) हा बिघाडाचा कोड नोंदवून ठेवू शकतो. म्हणजे कोड टेस्टनेच तयार केलेला. सगळं जोडल्यावर चावी तीन-चारदा ऑन-ऑफ करा. दर वेळी पंप दोनेक सेकंद फिरतो आणि रेलमधली हवा निघते. मग कोड पुसून गाडी फिरवा. तरी परत आला, तरच शोधाशोध.

P0301 ते P0304 असा एकाच सिलिंडरचा कोड असेल तर आधी त्या सिलिंडरच्या कॉइलचा (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाचा) आणि इंजेक्टरचा कनेक्टर बघा. पाइपापर्यंत हात घालताना हेच सैल होतात. 'टिक' वाजायलाच हवी. मग, समजा कोड P0301 आहे, तर पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर टाका. कोड P0303 झाला तर कॉइल गेली, P0301 वरच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर. बहुतेक पोर्ट इंजेक्टर 12 ते 16 ओहम दाखवतात. रेल उचलली असेल तर इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगवर संशय धरा: वरची कापली की पेट्रोल गळतं, खालची कापली की हवा शिरते. हवा शिरत असेल तर आयडलिंगला फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा, स्कॅनरवर दिसतो) बराच प्लसमध्ये असतो आणि 2500 आरपीएमला खाली येतो. उलट लोडवर प्लस वाढत गेला तर पेट्रोलच कमी पोचतंय.

इथेच या किटबद्दलचं मत बदललं. सुरुवातीला वाटायचं, घरी काम करणाऱ्याने पहिल्यांदा हेच घ्यावं. आता म्हणेन, आधी लाइव्ह डेटा (ईसीयूचे चालू आकडे) दाखवणारा आणि कोड वाचणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. वरच्या तपासणीतली बहुतेक कामं तोच करतो, शिवाय बॉनेटखाली पेट्रोल सांडत नाही. चोंदलेल्या फिल्टरवरही आयडलिंगला गेज पूर्ण प्रेशर दाखवू शकतो, लोडवर कोसळतं ते दिसतच नाही. त्यासाठी गेज वायपरखाली अडकवून गाडी चालवणारे आहेत, पण या किटच्या नळीवर तो प्रयोग नको.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर टेस्टबिस्ट सोडा, गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं, आणि त्याच्या किमतीत असली कितीतरी किटं येतील.