वॅगन आरचे फॅन बेल्ट आणि एसी बेल्ट घरी बदलले: उन्हाळा-पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी 2008 ची वॅगन आर, 1.1 लिटर इंजिनाची. फॅन बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि इंजिनाचं पाणी फिरवणारा वॉटर पंप चालवतो, एसी बेल्ट एसीचा कॉम्प्रेसर. दोन्ही बेल्ट महाशिवरात्रीच्या आसपास घरीच बदलले. त्यानंतर सोलापूरचा अख्खा उन्हाळा गेला, आता पाऊसही संपत आलाय. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं आहे: नवा बेल्ट चढवणं हा कामाचा सोपा भाग. बेल्टचा आवाज कायमचा जातो तो पुली आणि ताण नीट बघितला तरच.

सकाळी गाडी चालू केली की चीं आवाज यायचा, एसी लावला की आणखी जोरात. आधी बाहेर एकदा बेल्ट बदलून घेतला होता, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. आमच्या शेजारचे मामा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. बोनेटपाशी उभे राहून ते म्हणाले, "बेल्ट वाजालाय म्हणून बेल्टच कशाला बदलालास बे? आधी पुली फिरवून बघ की."

एक सोपी चाचणी आहे. इंजिन चालू ठेवून, हात आणि बाह्या लांब ठेवून, बेल्टच्या रिबवर (आतल्या बाजूच्या लांब उभार रेघांवर) स्प्रेच्या बाटलीनं थोडं पाणी मारायचं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाणी पडताच वाढला तर ताण कमी आहे. माझ्या गाडीत वाढला. मग इंजिन बंद करून एसी बेल्ट काढला आणि आयडलर पुली बोटानं फिरवली. खरखर हाताला स्पष्ट लागत होती. बेअरिंग काढलं तर आतलं ग्रीस वाळून तपकिरी भुकटी झालेलं. ताण धरून ठेवायचं काम याच पुलीचं, ती डगमगत असेल तर कितीही महाग बेल्ट घातला तरी वाजणारच. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, त्याच नंबरचं दोन्ही बाजूंनी सील असलेलं नवं बसवलं.

बेल्ट घेताना जुन्यावरचा नंबर बघून घ्या. 4पीके म्हणजे चार रिब, पुढचा आकडा मिलिमीटरमध्ये लांबी. ईपीडीएम रबराचाच मागा. जुन्या निओप्रीन रबराच्या बेल्टला भेगा पडायच्या, त्यामुळे तो कधी बदलायचा ते दिसायचं. ईपीडीएमला सहसा भेगा पडत नाहीत, तो टायरसारखा झिजतो. म्हणून भेग नाही म्हणजे बेल्ट ठणठणीत, असं समजू नका; रिबमधल्या खाचा बघा.

कामाबद्दल थोडक्यात: बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची, कारण अल्टरनेटरच्या मोठ्या तारेत कायम करंट असतो. पुढचं उजवं चाक काढलं आणि गाडी स्टँडवर ठेवली की हात घालायला जागा मिळते. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो. एसीचा बेल्ट बाहेरच्या बाजूला, तो आधी निघतो, मग फॅन बेल्ट. स्क्रू ड्रायव्हरनं ओढून चढवू नका, आतले धागे तुटतात. अल्टरनेटर सैल करून बेल्ट हातानं बसायला हवा. मग गोटी पान्यानं क्रँक पुली (इंजिनाची मुख्य पुली) दोन फेरे फिरवून प्रत्येक रिब आपल्या खाचेत आहे का ते बोट फिरवून बघा.

ताणाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, मधोमध सुमारे 10 किलोच्या दाबानं बेल्ट किती दबावा असा. तेवढाच ठेवा. आवाज नको म्हणून जास्त आवळला तर वॉटर पंप आणि अल्टरनेटरची बेअरिंगं लवकर जातात, आणि ती दुरुस्ती बेल्टच्या कितीतरी पट महाग पडते.

नवा बेल्ट सुरुवातीला खाचेत मुरतो. दोन-तीनशे किलोमीटरनंतर बघितलं तर फॅन बेल्ट थोडा सैल झाला होता, पुन्हा ताणला. पुष्कळ ठिकाणी ही दुसरी तपासणी होतच नाही, आणि आवाज परत येण्याचं मोठं कारण मला तेच वाटतं. त्यानंतर आजपर्यंत पाना लावावा लागलेला नाही. मे महिन्यात भर दुपारी एसी लावून तुळजापूरचा घाट चढलो, तापमानाचा काटा हलला नाही. हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळं चालू ठेवून मल्टिमीटर लावला तर 14 व्होल्टच्या आसपास दाखवतो. पावसात अक्कलकोट रोडच्या डबक्यांतून गेल्यावर पहिल्या काही सेकंदांत बारीक चिरचिर होते, पाणी उडालं की थांबते. तेवढ्यासाठी बेल्टवर मारायचा स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ चिकटते.

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा दातेरी बेल्ट) मात्र मी घरी उघडला नाही. त्याच्या खुणा एक दात जरी चुकल्या तरी इंजिनाचं टायमिंग बिघडतं, ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या. जुना फॅन बेल्ट अजून चालण्यासारखा होता. तो, 12 आणि 14 नंबरचे पाने डिकीत ठेवलेत. वाटेत बॅटरीचा लाल दिवा लागला तर लगेच गाडी बाजूला घ्या, कारण फॅन बेल्ट तुटला असेल तर त्याच्यावर फिरणारा वॉटर पंपही थांबतो.