ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप: एका फिर्यादीच्या वापरातून

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी ॲपबद्दल बहुधा वकील मंडळी लिहितात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण दिवसाला दहा-बारा तारखा सांभाळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग सर्वाधिक होतो. मी वकील नाही. 2019 च्या दिवाळीत आम्ही गावी गेलो असताना आमचे घर फोडले गेले, कपाटातले साडेचार तोळे सोने गेले, आणि पुढे त्या खटल्यातला फिर्यादी म्हणून गेली चार वर्षे मी हे ॲप वापरतो आहे. तेव्हा हे परीक्षण तारीख घेणाऱ्याचे नसून तारखेची वाट पाहणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

ॲप विनामूल्य आहे, हलके आहे आणि साध्या फोनवरही चालते. ज्या संगणकप्रणालीवर देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांच्या नोंदी चालतात ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने तयार केली आहे, आणि हे ॲप त्याच नोंदी आपल्यासमोर ठेवते. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, नोंदणीचा अनुक्रम आणि वर्ष अशी क्रमाने मांडणी असते. पुणे जिल्ह्यातला खटला असेल तर त्याची सुरुवात एमएचपीयू या अक्षरांनी होते. हा क्रमांक हाती असेल तर दहा सेकंदांत खटला उघडतो.

अडचण अशी की फिर्यादीला हा क्रमांक आपण होऊन कोणी देत नाही. मी प्रथम माझ्या नावाने शोध घेतला आणि काहीही सापडले नाही, कारण पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात पक्षकार म्हणून महाराष्ट्र शासनाचे नाव असते, समोर आरोपीचे असते, आणि ज्याच्या घरातून चोरी झाली तो कायद्याच्या दृष्टीने एक साक्षीदार असतो. कायद्याची ही रचना मला वाचून माहीत होती, परंतु ‘नोंद आढळली नाही’ असे पडद्यावर आल्यावर ती जशी कळली तशी पूर्वी कधी कळली नव्हती. फिर्यादीने आपल्या नावाने शोधण्याच्या भानगडीत न पडता एफआयआर क्रमांकाचा पर्याय घ्यावा. तिथे जिल्हा, न्यायालय संकुल आणि पोलीस ठाणे निवडून गुन्हा रजिस्टर नंबर व वर्ष घातले की दोषारोपपत्र दाखल झालेला खटला समोर येतो. फिर्यादीच्या प्रतीवर ‘गु. र. नं.’ असे लिहून जो आकडा असतो तोच हा. सीएनआर क्रमांक मिळाला की खटला ‘माझे खटले’ या यादीत साठवून ठेवावा.

खटला उघडल्यावर दिसणारे सर्वांत मोलाचे पान म्हणजे तारखांचा इतिहास. कोणत्या दिवशी, कोणत्या न्यायाधीशांपुढे, कोणत्या कामासाठी प्रकरण ठेवले होते, हे एकाखाली एक दिसते. माझ्या खटल्यात आजपर्यंत 46 तारखा झाल्या आहेत. त्यांपैकी 17 तारखांपुढे ‘एन. बी. डब्ल्यू. अनरेडी’ असे लिहिलेले आहे. याचा अर्थ एका परिचित वकिलांनी सांगितला: आरोपीवर अजामीनपात्र वॉरंट काढले आहे, पण ते बजावून परत आलेले नाही. पूर्वी मला वाटत असे की न्यायालयात खटला रेंगाळतो म्हणजे वकील तारखा मागतात. इतिहासाचे पान पाहिल्यावर लक्षात आले की माझ्या खटल्यात एक तृतीयांशाहून अधिक तारखा एका कागदाच्या प्रवासात गेल्या, आणि तो प्रवास न्यायालयातून पोलीस ठाण्यात आणि तिथून परत एवढाच होता. हे टप्पे ॲपमध्ये असे इंग्रजी संक्षेपांतच दिसतात, आणि पहिल्यांदा न्यायालयाची पायरी चढणाऱ्याला त्यांचा काडीचाही उलगडा होत नाही. ॲपचा हा मोठा उणेपणा मानावा लागेल. वापरणाऱ्याच्या भाषेत दोन ओळींचा अर्थ त्या शब्दाखाली देणे फार अवघड काम नव्हे.

तारखेवर बोट ठेवले की ‘बिझनेस’ नावाचे आणखी एक पान उघडते. त्या दिवशी न्यायालयात काय घडले, याची एक-दोन वाक्यांची नोंद तिथे असते. रोजनाम्याचाच तो संक्षेप म्हणता येईल. हे पान किती उपयोगी ठरेल हे सर्वस्वी ते भरणाऱ्या कर्मचाऱ्यावर अवलंबून असते. काही नोंदी केवळ ‘तहकूब’ एवढ्यावर संपतात. परंतु सलग नऊ तारखांच्या नोंदीत आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातील कारागृहात असल्याचे, आणि पोलीस बंदोबस्त न मिळाल्याने त्याला हजर केले नसल्याचे लिहिले होते. म्हणजे वॉरंट बजावण्यासाठी ज्याचा शोध चालू होता तो मधल्या काळात वेगळ्या घरफोडीत पकडला जाऊन सरकारच्याच ताब्यात होता. पोलीस ठाणी, न्यायालये, कारागृहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अभियोग विभाग यांच्या नोंदी एकमेकींना जोडणारी आयसीजेएस ही व्यवस्था देशात उभी केलेली आहे. तरीही माणूस कुठे आहे हे कळणे आणि त्याला गाडीत बसवून साठ किलोमीटर आणणे ही दोन कामे निराळीच राहिली आहेत. हा दोष ॲपचा नव्हे. उलट तो दिसला तो ॲपमुळे.

आता मुद्देमालाविषयी. चोरीनंतर चार महिन्यांनी आरोपी सापडला आणि एका सराफाकडून पोलिसांनी सोने जप्त केले, पण ते लगडीच्या रूपात होते. आईच्या पाटल्या, पत्नीचे मंगळसूत्र, मुलीच्या बाळपणीच्या बिंदल्या, सगळे वितळून बोटाएवढी एक पिवळी पट्टी झाली होती, आणि वजन दोन तोळे तीन ग्रॅम. जप्त मालमत्ता पोलीस ठाण्यात गरजेपेक्षा अधिक काळ, फार तर पंधरा दिवस ते एक महिना याहून जास्त, पडू देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितले आहे. मला लगड सुपूर्तनाम्यावर मिळायला अकरा महिने लागले. सुपूर्तनाम्याची अट अशी, की न्यायालय मागेल तेव्हा ती जशीच्या तशी हजर करावी, विकू नये, तिचे रूप बदलू नये. त्यामुळे ती लगड लाल कापडी पिशवीत बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि मुलीच्या लग्नात तिचा काही उपयोग झाला नाही. ॲपमध्ये मुद्देमालाविषयी एक अक्षर दिसत नाही: काय जप्त आहे, कोणाच्या ताब्यात आहे, परत देण्याच्या अर्जावर काय झाले. चोरीच्या खटल्यात फिर्यादीला पहिली आस्था याच गोष्टीची असते, आरोपीला किती शिक्षा होईल याची नंतर.

माझ्या 46 तारखांकडे केवळ वैयक्तिक गाऱ्हाणे म्हणून पाहू नये, यासाठी याच प्रकल्पातील राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड हे संकेतस्थळ अवश्य पाहावे. 2015 पासून ते सर्वांसाठी खुले आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित असून त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश फौजदारी आहेत, हे तिथे दिसते. खटले किती वर्षांचे जुने आहेत याची विभागणी दिसते, आणि विलंबाची कारणेही दिसतात: वकील उपलब्ध नसणे, आरोपी फरार असणे, वरिष्ठ न्यायालयाची स्थगिती असणे. दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने 1987 मध्ये केली होती. आज ती संख्या एकवीसच्या आसपास आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर झाले आणि त्यातून जुनी कागदपत्रे संगणकावर येतील, ते चांगलेच आहे. माझ्या खटल्यात मात्र कमतरता कागद पाहण्याच्या सोयीची कधीच नव्हती. वॉरंट घेऊन जाणारा पोलीस, कैद्याला आणणारी गाडी आणि व्यासपीठावर बसलेले न्यायाधीश एकाच दिवशी जुळून येण्याची होती. कारागृहांतील सुमारे 76 टक्के बंदी हे खटला न संपलेले, म्हणजे न्यायाधीन आहेत, अशी 2022 ची अधिकृत आकडेवारी आहे. तारखेची वाट पाहणारा दुसरा माणूस तिथे बसलेला असतो, आणि त्याच्या हातात तर हे ॲपही नसते.

1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांत कळवायचे आहे, आणि हे फोनवरील संदेशानेही चालते. तसेच एखाद्या पक्षाच्या आवाक्याबाहेरील कारणासाठीही दोनपेक्षा अधिक तहकुब्या देऊ नयेत, असे तिथे म्हटले आहे. माझा खटला आधीच चालू असल्याने जुन्याच संहितेप्रमाणे पुढे जाईल. पण कळवण्याची ही जबाबदारी तपासापुरतीच आहे. प्रकरण न्यायालयात गेले की फिर्यादीने स्वतःच पाहायचे. म्हणून माझी ॲपकडे सर्वांत मोठी मागणी हीच राहील, की दोषारोपपत्रासोबत फिर्यादीचा मोबाइल क्रमांकही नोंदवून घ्यावा आणि प्रत्येक नवी तारीख त्याला आपोआप कळावी.

हे नसल्याचा परिणाम मी एकदा भोगला. साक्षीचे समन्स आले म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो, सोबत लगड, बँकेची पावती आणि सराफाची जुनी बिले. दुपारी एक वाजेपर्यंत पुकारा झाला नाही, तेव्हा शिपायाने सांगितले की साहेब दोन दिवस रजेवर आहेत. संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत ॲपवर पुढची तारीख अगदी अचूक आलेली होती. त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी पाळतो. आदल्या रात्री ॲपमध्ये कामकाजाची यादी पाहतो, आणि सकाळी निघण्यापूर्वी पोलीस ठाण्याच्या कोर्ट पैरवी करणाऱ्या हवालदारांना फोन करतो. दुसरी गोष्ट अधिक भरवशाची आहे.

पाचपैकी मी साडेतीन तारे देईन. जे दाखवायचे ठरवले आहे ते हे ॲप प्रामाणिकपणे दाखवते, आणि एके काळी तालुक्याला हेलपाटा घातल्याशिवाय न मिळणारी तारीख आता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मिळते, हे लहान काम नाही. वापरणाऱ्यांसाठी दोन सूचना. साठवलेली यादी फोनमध्येच राहते, म्हणून फोन बदलण्याआधी तिची प्रत काढून घ्यावी. आणि ‘बिझनेस’मधील नोंद कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही, विमा कंपनीला किंवा बँकेला कागद द्यायचा असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची प्रमाणित प्रत घ्यावी, आणि अर्जावर सीएनआर क्रमांकाबरोबर खटल्याचा जुना क्रमांकही लिहावा, कारण फडताळातले गठ्ठे अजून त्याच क्रमांकाने लावलेले असतात.